आधी अमानत, मग मशीन

आपांचा फोन आला तेव्हा ईशाची नमाज होऊन अर्धा तास झाला असेल. मंगरूळपीरहून एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर काळजात धस्स झालं. पण आपा म्हणाल्या, "घरात सगळे खैरियतीत आहेत. लॅपटॉप गेला."

मी म्हटलं, "मग त्यात रडण्यासारखं काय, आपा?"

"माझा असता तर रडले नसते. त्यात अठरा बायकांचा हिशोब आहे."

आपांच्या मोहल्ल्यात बायकांचा एक छोटा बिनव्याजी फंड आहे. दर महिन्याला प्रत्येकीने दोनशे रुपये टाकायचे. कुणाला दवाखाना, कुणाला मुलाची फी, कुणाला शिलाई मशीन, जसं लागेल तसं उचलायचं आणि हप्त्याने परत करायचं. पाच वर्षं आपा हे सगळं वहीत लिहायच्या. गेल्या वर्षी भाच्याने हौसेने ते लॅपटॉपवर घेतलं आणि वही कपाटात गेली. दोन दिवसांनी रविवारची बैठक होती. एकीचे नऊ हप्ते आले की दहा, दुसरीकडे किती बाकी, सगळं त्या एका मशीनमध्ये. "मशीन बिघडलं, हिशोब गेला" असं अठरा जणींसमोर सांगायचं कसं? कुणी तोंडावर काही बोलणार नाही, पण मनात शंका येणारच.

संध्याकाळी लॅपटॉप एका दुकानात दाखवून झाला होता. दुकानदाराने दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "व्हायरस आहे. फॉर्मॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल. उद्या सकाळी घेऊन या."

मी म्हटलं, "आपा, उद्या दुकानात नेऊ नका. चालू-बंदही करत बसू नका. वायफाय बंद करा, पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर काढा. मी सकाळच्या एसटीने येतो."

वाचक भगिनी-बंधूंनो, या महिन्याचं सदर याच प्रसंगावर आहे, कारण या सदराला येणाऱ्या पत्रांत हीच तक्रार वारंवार असते. व्हायरस आला, कुणीतरी तो काढला आणि नंतर लॅपटॉप नीट सुरूच होईना. सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे आतलं सामान गेलं, असं नसतं. घराच्या दाराचं कुलूप अडकलं म्हणून घरातले दागिने चोरीला जात नाहीत. दार उघडण्याचे तीन-चार रस्ते असतात. फॉर्मॅट म्हणजे घर पाडून नवं बांधणं. ते कधी कधी करावंही लागतं, पण आधी सामान बाहेर काढून.

काळी स्क्रीन आणि पांढरा बाण

सकाळी मी पोहोचलो तेव्हा आपांनी चहा ठेवला होता आणि लॅपटॉप दस्तरखानाच्या एका कोपऱ्यात झाकून ठेवला होता. चालू केला. कंपनीचं नाव आलं, विंडोजचे ठिपके फिरले, पासवर्ड मागितला. पासवर्ड टाकला आणि पुढे नुसती काळी स्क्रीन. मधोमध माउसचा पांढरा बाण, बाकी काही नाही.

मी विचारलं, "बंद पडण्याआधी यात नवीन काय टाकलं होतं?" सगळे गप्प. भाचा सतरा वर्षांचा आहे. तो खाली मान घालून नखं कुरतडत होता. मी विषय सोडून दिला. चहा झाल्यावर त्याला म्हटलं, "चल, जरा नाक्यापर्यंत जाऊन येऊ." रस्त्यात तो स्वतःहूनच बोलला.

"मामू, फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला महाग होतं. मी फुकटवालं उतरवलं. त्यात लिहिलं होतं, आधी अँटीव्हायरस बंद करा, मगच चालेल. मी बंद केलं. दोन दिवस नुसत्या जाहिराती येत होत्या. मग अँटीव्हायरस परत चालू केलं, त्याने काहीतरी पकडलं, मी 'रिमूव्ह' दाबलं. रीस्टार्ट केल्यावर असं झालं. अम्मी मारेल म्हणून बोललो नाही."

आम्ही परत येईपर्यंत निम्मं काम झालं होतं. दुकानदाराला जे कळलं नव्हतं ते या पोराच्या चार वाक्यांत होतं. म्हणून घरातल्या मोठ्यांना एक विनंती आहे. असं काही घडलं की पहिल्या दिवशी रागावू नका. मूल भीतीने गप्प बसलं तर तेच बिघडलेलं मशीन आणखी आठ दिवस वापरलं जातं, त्यावरून बँकेचे व्यवहार होतात आणि नुकसान वाढत जातं.

व्हायरस दारातच का बसतो?

पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो तो 'ब्रेन'. १९८६ साली लाहोरच्या दोन अल्वी बंधूंनी तो लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून हे केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही टाकला होता. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना जी जागा सगळ्यात आधी वाचली जाते तिथे बसायचा. आज फ्लॉपी गेल्या, पण सवय तीच आहे. व्हायरसला प्रत्येक वेळी मशीनबरोबर उठायचं असतं, म्हणून तो सुरू होण्याच्या रस्त्यावरच ठाण मांडतो. चोरट्या प्रतीचा आणि व्हायरसचा संबंधही तेव्हापासून सुटलेला नाही.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये असंच झालं होतं. पासवर्ड दिल्यावर विंडोज एका नोंदीत पाहतं की आता डेस्कटॉप दाखवायचं काम कुणाचं. तिथे 'एक्सप्लोरर' हे नाव असायला हवं. व्हायरसने ते खोडून स्वतःचं नाव लिहिलं. अँटीव्हायरसने व्हायरसची फाइल उडवली, पण नोंद तशीच राहिली. आता विंडोज त्या नावाला हाक मारतं, ओ द्यायला कुणी नाही, म्हणून काळी स्क्रीन. हिशोबाची फाइल जिथे होती तिथेच होती, तिला धक्काही लागलेला नव्हता.

काळ्या स्क्रीनवर मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजरची खिडकी उघडली. त्यात 'रन न्यू टास्क' असं असतं. जुन्या विंडोजमध्ये ते 'फाइल' या मेनूत सापडतं, नव्यात वरच्या पट्टीवरच दिसतं. तिथे इंग्रजीत एक्सप्लोरर हा शब्द, पुढे टिंब आणि ई-एक्स-ई ही तीन अक्षरं टाकून ओके केलं. डेस्कटॉप आला. आपांनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून पदराने डोळे पुसले. दहा सेकंदांचं काम होतं.

पण काम तिथे संपत नाही. घाईत लोक इथेच चुकतात. डेस्कटॉप दिसला की लगेच इंटरनेट जोडतात आणि कामाला लागतात. आम्ही आधी कोऱ्या पेन ड्राइव्हवर हिशोबाची फाइल, घरातले फोटो, मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले उतरवले. फक्त कागदपत्रं आणि फोटो घेतले, एकही सॉफ्टवेअर नाही. तो पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या चांगल्या संगणकावर तपासला आणि मगच उघडला. मग भाच्याला सांगितलं, "आता तुझं मशीन. हवं तर फॉर्मॅट कर."

आणि खरोखरच आम्ही विंडोज नव्याने टाकलं. फुकटच्या नावाने आलेली अशी सॉफ्टवेअर पुष्कळदा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरून नेतात, आणि एक व्हायरस पकडला म्हणजे दुसरा नाही याची खात्री देता येत नाही. म्हणून ईमेलचा, बँकेचा आणि इतर सगळे पासवर्ड आपांच्या फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही. हे काम आदल्या रात्री फोनवरच सांगायला हवं होतं, ते मी विसरलो. तुम्ही विसरू नका.

तुमचा लॅपटॉप कुठे अडतो ते पाहा

प्रत्येक घरात काळी स्क्रीनच येईल असं नाही. दुकानात जाण्याआधी किंवा कुणाला फोन करण्याआधी मशीन कुठल्या पायरीवर अडतं ते पाहून ठेवा.

दिवाच लागत नाही, पंखाही फिरत नाही, तर तो व्हायरस नाही. चार्जर काढा, चालू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून थोड्या वेळाने पाहा. तरीही काही नाही तर चार्जर, बॅटरी किंवा आतला भाग गेला आहे.

कंपनीचं नाव येऊन तिथेच थांबतं किंवा 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं, तर एक तर डिस्क खराब आहे किंवा सुरू होण्याचा भाग बिघडला आहे. जुन्या डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी आतलं वाचण्याची शक्यता कमी होते. अशी डिस्क जाणकाराकडेच द्या.

विंडोजचे ठिपके फिरतात आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं किंवा निळी स्क्रीन येते, तर विंडोजच्या फाइली बिघडल्या आहेत. हे व्हायरसने होतं, तसंच अपडेट चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी कमजोर असली तरी होतं. निळी स्क्रीन म्हणजे व्हायरसच, असं समजू नका. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकदम निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. त्यामागे व्हायरस नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल होती. हजारो कर्मचाऱ्यांनी संगणक सेफ मोडमध्ये उघडून ती एक फाइल काढली आणि संगणक पूर्ववत झाले.

हा सेफ मोड आपल्यालाही वापरता येतो. पासवर्डची स्क्रीन दिसत असेल तर तिथल्या पॉवरच्या खुणेवर जा, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि रीस्टार्ट निवडा. ती स्क्रीनही दिसत नसेल तर मशीन चालू करा, विंडोजची खूण दिसताच बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्या वेळी बहुधा दुरुस्तीची निळी पाटी उघडते. तिथे आधी 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' निवडून रीस्टार्ट करा आणि यादी आली की ४ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उठतं, त्यामुळे बरेचसे व्हायरस झोपलेलेच राहतात. डेस्कटॉप आला की आधी फाइली बाहेर काढा. नंतर अलीकडे टाकलेलं संशयास्पद सॉफ्टवेअर काढा. मग मशीन नेहमीसारखं चालू झालं तर विंडोज सिक्युरिटीमधली 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. ती विंडोज उठण्याआधीच तपासणी करते. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

त्याच निळ्या पाटीवर 'रीसेट' असाही पर्याय असतो. त्यात 'माझ्या फाइली ठेवा' असं निवडता येतं. तरीही त्यावर विसंबू नका, फाइली आधी बाहेर काढलेल्याच बऱ्या.

सेफ मोडही उघडला नाही तर आणखी एक रस्ता उरतो. दुसऱ्या संगणकावरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू लिनक्स उतरवायचं आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून चालू करायचा. काही टाकावं लागत नाही, विंडोजला हात लागत नाही आणि आतल्या फाइली दिसतात. संगणक शिकणारी कॉलेजची मुलं हे सहज करून देतात. नव्या लॅपटॉपमध्ये मात्र डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं आणि ते ४८ अंकी किल्ली मागतं. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून पाहता येते. मशीन धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

फाइली आहेत, पण प्रत्येकीचं शेपूट बदललं आहे आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसते, तर तो खंडणीचा व्हायरस. पैसे देऊ नका, दिल्यावर फाइली मिळतीलच असं नाही. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. २०१६ मध्ये युरोपच्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून ती सुरू केली. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

वीज गेली म्हणून वाचलं

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने मर्स्क या जगातल्या मोठ्या जहाज कंपनीला गाठलं. आपल्या महाराष्ट्रात न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरचं काम हाताने करण्याची पाळी आली. या व्हायरसची चाल पाहा. संगणक रीस्टार्ट व्हायचा आणि स्क्रीनवर दिसायचं की डिस्क दुरुस्त होते आहे, बंद करू नका. प्रत्यक्षात तेव्हाच तो आतलं सगळं कुलूपबंद करत असायचा. तो पैसे मागायचा, पण पैसे दिले तरी उघडण्याची सोयच त्यात नव्हती.

मर्स्ककडे प्रती नव्हत्या असं नाही. कंपनीचं सगळं जाळं ज्यांवर उभं होतं असे दीडशेच्या आसपास मुख्य सर्व्हर जगभर होते आणि त्यांत एकमेकांच्या प्रती होत्या. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदम गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर तिथे नेमकी लाइट गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्याची डिस्क माणसाकरवी, हातोहात नायजेरियामार्गे लंडनला नेली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी केली. दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने तयार करावे लागले.

लाइट गेली की आपण चिडतो. त्या एका लोडशेडिंगने एवढी मोठी कंपनी वाचवली. आपल्यासाठी यात एकच धडा आहे. सतत लॅपटॉपला जोडलेली प्रत ही प्रत नव्हे. प्रत वेगळी काढा, सोडवा आणि कपाटात ठेवा.

दुकानात द्यावाच लागला तर

घरच्या घरी जमलं नाही तर दुकानात जायला हरकत नाही, चांगले कारागीर गावोगाव आहेत. फक्त पावतीवर लिहून घ्या, 'मालकाला विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये'. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं. लॅपटॉपमध्ये घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात, त्यामुळे शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. डेटा काढायला किती आणि दुरुस्तीला किती, हे वेगवेगळं विचारा. आणि विंडोज टाकणाऱ्याला विचारा की हे असली आहे की फुकटवालं. फुकटवालं असेल तर आपण फिरून पहिल्या जागी येतो.

पेन ड्राइव्हचीही काळजी घ्या. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला लागतात. तिथून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर त्यावर क्लिक करू नका. प्रिंट काढायची असेल तर फाइल फोनवरून पाठवा. ते स्वस्त आणि सुरक्षित आहे.

या महिन्याचं काम

रविवारची बैठक वेळेवर झाली. आपांनी काय घडलं ते अठरा जणींना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. एक खालाजान म्हणाल्या, "मग आमच्या वहीचं काय वाईट होतं?" तेव्हापासून असं ठरलं की दर बैठकीत हिशोब लॅपटॉपवर होईल, त्याच दिवशी त्याचा एक कागद छापला जाईल आणि दोघी जणी त्यावर सही करतील. पेन ड्राइव्हवर प्रत काढायचं काम भाच्याकडे आहे, आणि तो पेन ड्राइव्ह आपांच्या घरी नाही, शेजारच्या खालाजानकडे असतो. भाचा आता फुकटचं, पण असली असं फोटोचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याचं नाव गिंप, ते उघडपणे मोफत आहे.

तुम्हीही या महिन्यात एवढंच करा. एक पेन ड्राइव्ह घ्या. घरातले दाखले, सातबारा, फोटो, हिशोब त्यावर उतरवा. काढून ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. लॅपटॉप आज चालू आहे, तेव्हा हे अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढच्या महिन्यात पाहू: फोन हरवला तर पहिल्या तासात काय करायचं.